थांबविण्याचे शब्द

पुण्यात शिकणारी माझी भाची दिवाळीच्या सुटीत गोंदियाला आली, ती स्पॅनिश भाषेचे पुस्तक घेऊनच. ‘थांब’ हा साधा शब्द त्या भाषेत किती रूपे घेतो, हे तिच्याकडून ऐकताना मला नवल वाटले. जवळच्या माणसाला ‘पारा’, आदरणीय व्यक्तीला ‘पारे’. म्हणजे आपले ‘थांब’ आणि ‘थांबा’च. क्षणभर वाट पाहण्यास सांगायचे असेल तर ‘एस्पेरा’ आणि सहनशक्ती संपली की ‘बास्ता’. हा शेवटचा शब्द आपल्या ‘बस’चा सख्खा भाऊ वाटतो, परंतु आपला ‘बस’ फारसीतून आला आणि ‘बास्ता’ लॅटिनच्या कुळातला. रस्त्यावरील लाल अष्टकोनी पाटीवर मेक्सिकोत ‘आल्तो’ लिहितात, अर्जेंटिनात ‘पारे’, तर खुद्द स्पेनमध्ये इंग्रजी ‘स्टॉप’.

आपल्याकडेही अशा शब्दांना तोटा नाही. बाजारात हिंदीतले ‘रुको’, घरात ‘थांब’, ‘राहू दे’, ‘आवर आता’, ‘पुरे’. यांतील ‘पुरे’ची गत मात्र निराळी. पंगतीत पाहुणा ताटावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणतो आणि वाढणारा आणखी एक लाडू ठेवतोच. तो आग्रह प्रेमाचा असतो, हे खरे. पण ‘नको’ म्हणजे ‘थोडे आणखी’ असा अर्थ मुले तेथेच शिकतात. मग खेळात धाकटा ‘पुरे’ म्हणत रडकुंडीला आला तरी गुदगुल्या थांबत नाहीत. थट्टा असह्य होऊन सून ‘राहू द्या’ म्हणते, तेही कुणी मनावर घेत नाही.

भाषासमितीत वचन हितकर, मित आणि असंदिग्ध असावे, असे सांगितले आहे. हा तिसरा गुण व्यवहारात टिकायचा, तर ऐकणाऱ्यानेही शब्दाचा सरळ अर्थ घ्यायला हवा. रेल्वेच्या मार्गावर पिवळा दिवा चालकाला पुढे थांबण्याच्या तयारीत राहण्याची सूचना देतो आणि लाल दिव्यापाशी अवजड मालगाडीही उभी राहते. त्यासाठी दिव्याला आवाज चढवावा लागत नाही.

घरातही पहिल्याच ‘थांब’ला थांबण्याची सवय लागली, तर लहानांना ओरडावे लागणार नाही आणि सुनेला डोळे पुसत उठावे लागणार नाही. सुरुवात पंगतीपासून करता येईल. पाहुण्याने हात आडवा धरला, की वाढणाऱ्याने हसतमुखाने पुढच्या ताटाकडे वळावे. मुले ते पाहत असतात.