पट्टीवरचा डाग

मोखाड्यात जखम दवाखान्यात येते ती उशिरानेच. राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या छाटताना पायावर कोयता बसतो, लावणीत चिखलातला खुंट पोटरीत घुसतो. पण हातातलं काम टाकून कोण येणार? शस्त्रक्रियेच्या जखमांचे चार वर्ग आम्हाला नर्सिंगला शिकवलेले: स्वच्छ, स्वच्छ-दूषित, दूषित आणि संसर्ग झालेली. इथल्या ड्रेसिंगच्या टेबलावर पहिले दोन क्वचितच दिसतात. म्हणून पट्टीवर काय उतरलंय, ते मी आधी बघते.

ऐन लावणीत एक मावशी आल्या. पोटरीवर पाल्याचा लगदा, वरून लुगड्याची चिंधी, वाळून कडक झालेली. ती ओढली तर खालचं नवं मांस सोबत निघतं. सलाइनने भिजवत भिजवत सोडवली. जखमेचा तळ लाल, दाणेदार. एका कडेला पिवळा स्लफ, म्हणजे मेलेल्या मांसाचा थर. चिंधीवर फिकट गुलाबी, पातळ डाग.

"बाई, पू झाला ना?"

"पू नाही मावशी, लस आहे. थोडं रक्त मिसळलंय."

पाण्यासारखी पिवळसर लस येणं हा जखम भरण्याचाच भाग. डाग लालभडक असेल तर रक्त वाहतंय. त्याच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहायची आणि डाग रेघेबाहेर सरकला की लगेच डॉक्टरांना बोलवायचं. घट्ट, पिवळा-हिरवा आणि वास मारणारा असेल, तर मात्र पू.

मावशींची पुढची पट्टी तशीच, पुवाने भरलेली निघाली. भोवतालची कातडी गरम, सुजलेली. डॉक्टरांनी जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पाठवायचं ठरवलं. अशा वेळी चिठ्ठीवर नुसतं 'ड्रेसिंग केले' लिहिलेलं मला चालत नाही. तिथल्या सिस्टरने आधीची पट्टी पाहिलेली नसते. जखमेची लांबी, रुंदी, खोली, तळाचा रंग, स्राव कसला, किती गॉज भिजले, वास, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं, सगळं लिहिलं.

शिवाय एक ओळ जेवणाची. वाहत्या जखमेतून प्रथिनंही जातात, आणि नागलीची भाकरी नि चटणीवर राबणाऱ्या बाईच्या अंगात ती आधीच कमी. सोबत निघालेल्या लेकाला बजावलं: औषध चुकवायचं नाही, आणि आईच्या ताटात डाळ आधी वाढायची.