असतं तर...

'आय विश' हे प्रकरण वाटतं तितकं सोपं नाहीये. दर शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी पाच-सहा जणांना इंग्रजी शिकवतो. सगळे मराठी माध्यमाचे. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. ही मंडळी त्याच्या आधीची, एबीसीडी पाचवीत गिरवलेली.

पहिला घोळ 'विश' या शब्दाचाच. आपली त्याच्याशी ओळख वाढदिवसापुरती. त्यामुळे 'आय विश यू विल गेट द जॉब' असं वाक्य हमखास येतं. मी ढोबळ नियम सांगतो: जे अजून होऊ शकतं त्याला 'होप', जे नाहीये किंवा हातातून गेलंय त्याला 'विश'. ('विश'बरोबर 'वुड'ही येतं, पण ते नंतर कधीतरी.)

दुसरा घोळ काळाचा. 'मला पोहता येत असतं तर' हे दुःख आजचं, मग 'आय विश आय कुड स्विम' असा भूतकाळ का? आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत सांगायचं तर हा भूतकाळ म्हणजे टाइमस्टँप नव्हे, फ्लॅग आहे. 'हे खरं नाही' एवढंच तो सांगतो. आणि गंमत म्हणजे हा फ्लॅग मराठीतही आहे! 'पैसे असते तर' मधलं 'असते'. आपल्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. फरक एवढाच, की 'आज पैसे असते तर' आणि 'काल पैसे असते तर' यांत आपलं 'असते' जागचं हलत नाही. इंग्रजी मात्र कालच्यासाठी अजून एक पायरी मागे जातं. आजसाठी 'आय विश आय हॅड मनी', कालसाठी 'आय विश आय हॅड हॅड मनी'. 'हॅड हॅड' ऐकून वर्ग दरवेळी हसतो.

एका शनिवारी मी प्रत्येकाला स्वतःचं एक वाक्य करायला सांगितलं. पुस्तकातले 'मी पक्षी असतो तर' छाप नमुने नकोत म्हटलं. एकाने 'आय विश आय हॅड बॉट दॅट प्लॉट' हे पुण्यातलं घरोघरचं वाक्य टाकलं. मग सोसायटीत पोळ्यांची कामं करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "मला शिकू दिलं असतं तर..." आणि थांबल्या. मराठीत वाक्य तिथेच पूर्ण होतं. 'तर'च्या पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

मी फळ्यावर 'आय विश' लिहिलं, मग एक गाळलेली जागा, पुढे 'हॅड लेट मी स्टडी'. विचारलं, "कोणी, ताई?" इथे इंग्रजीला कर्ता लागतो ना.

ताई जरा वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, नाव घालायलाच पाहिजे का? वडील आता नाहीत. आणि चार पोरी होतो आम्ही, ते तरी काय करणार?"

'शिकू दिलं असतं तर' या चार शब्दांत त्यांनी वडिलांना किती अलगद बाजूला ठेवलं होतं! तेवढी सोय इंग्रजीतही हवी होती. मी गाळलेली जागा पुसली आणि लिहिलं, 'आय विश आय हॅड बीन अलाउड टू स्टडी.' कर्मणी प्रयोग. ऑफिसात ज्युनियर पोरांच्या ईमेलमध्ये हाच प्रयोग दिसला की मी विचारतो, 'अरे, पण केलं कोणी ते लिही ना!' बगच्या बाबतीत ते ठीक आहे. दुःखाच्या बाबतीत मात्र कर्त्याचं नाव घ्यायचं की नाही, हे ज्याचं दुःख त्याने ठरवावं. शिकवणाऱ्याने दोन्ही वाक्यं पुढे ठेवावीत, बस्स.

ताईंनी वाक्य वहीत उतरवलं. 'बीन अलाउड'वर दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा सरळ वाचलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सर, माझी पोरगी आता बारावीला आहे. तिच्यासाठी 'विश' नको ना? 'होप'च ना?"

"'होप'च, ताई."