टेपचा तुकडा जातो कुठे?

नळाच्या जोडाला पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळायची हाताला इतकी सवय असते, की विमानाच्या इंजिनापाशीही हात तिच्याकडेच जातो. किट आणून गॅरेजमध्ये विमान जोडणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळींत हा वाद जुना आहे. माझं मत सरळ आहे : पेट्रोल किंवा ऑइल वाहणाऱ्या जोडावर टेप नको, पेस्ट लावा. टेप गळती थांबवत नाही असं नाही, उत्तम थांबवते. प्रश्न तिच्या तुकड्याचा आहे. या जोडांचे एनपीटी, म्हणजे पाइपचे, आटे निमुळते असतात. दर १६ इंच लांबीला व्यास एक इंचाने उतरतो. आवळत गेलं की आटे एकमेकांत रुततात, तरी एकाचा शेंडा आणि दुसऱ्याचा तळ यांच्यामध्ये मळसूत्रासारखी बारीक फट उरतेच. सीलंटचं काम एवढंच, ती फट भरणं. आवळताना धातूच्या धारेने टेप चिरली जाते आणि तिचा तंतू आत सुटू शकतो. घरी तो फार तर नळाच्या जाळीत अडकेल. इथे पुढे फ्युएल इंजेक्शनच्या नॉझलचं मिलिमीटरहून बारीक भोक असतं, नाहीतर ऑइल प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची बैठक. तिथे तंतू अडकला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, प्रेशर पडतं, आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. गळती निदान डाग पाडून सांगते तरी.

यावर कोणी म्हणेल, पहिले दोन आटे सोडून नीट गुंडाळली तर तंतू सुटेलच कसा? पहिल्या वेळी कदाचित नाही सुटणार. पण फिटिंग पुढे कधीतरी उघडावंच लागतं, आणि जुन्या टेपच्या चिंध्या कास्टिंगच्या आतल्या आट्यांत चिकटून राहतात. त्या उकरताना आत पडणार नाहीत याची खात्री कोण देणार? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : लॉकटाइट ५६७ सारख्या पेस्टमध्येही टेफ्लॉनच असतं. असतं, पण भुकटीच्या रूपात, त्याचा तंतू निघत नाही. शिवाय ती पेस्ट हवा तुटलेल्या जागी, धातूंच्या मधेच घट्ट होते. तरीही ती बाहेरच्या आट्यांनाच लावावी, पातळ, आणि टोकाचे एकदोन आटे कोरडे ठेवून.

घसरडेपणा मात्र दोघींचाही सारखाच, आणि पाव-इंच पाइपच्या एल्बोला दिशा द्यायची असते तेव्हा तो नडतो. हवी ती दिशा जराशी ओलांडली तर उलटा फिरवता येत नाही, जोड सैल पडतो; अजून एक फेरा मारावा तर ॲल्युमिनियमचं कास्टिंग तडकायची भीती. अशा वेळी सरळ दुसरं फिटिंग लावून पाहावं. आणि ३७ अंशांच्या फ्लेअर जोडाच्या, म्हणजे नळीचं तोंड पसरवून केलेल्या जोडाच्या, आट्यांना काहीच लावू नये. तिथे सील होतं ते धातूच्या दोन उतरत्या तोंडांवर, आटे फक्त ती एकमेकांवर दाबून धरतात. असा जोड गळत असेल तर फ्लेअरवर चरा किंवा चीर शोधावी.