मैदानाची किल्ली

आमच्या शाळेच्या मैदानाला फाटक आहे आणि त्याची किल्ली, मुख्याध्यापक या नात्याने, आमच्या टेबलाच्या खणात असते. गेल्या आषाढात नववीच्या चार मुली आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. शनिवारी दुपारी फुटबॉल खेळण्यासाठी त्यांना मैदान हवे होते. "मुलग्यांचा सराव असतो, पाहू पुढे," असे आम्ही म्हणालो. मुली निमूटपणे निघून गेल्या. आपण नकार दिला, असे त्या वेळी आमच्या मनातही आले नाही.

दिवाळीच्या सुटीत इंग्लंडमधील एका महिला संघाचा इतिहास वाचनात आला आणि ते 'पाहू पुढे' आम्हांस बोचू लागले.

लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन येथे 'डिक, कर' नावाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले आणि तेथील दारूगोळ्याचे काम स्त्रियांच्या हाती आले. कामाच्या सुटीत आवारात चेंडू खेळता खेळता १९१७ साली त्यांचा संघ उभा राहिला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे दहा हजार लोक जमले. उत्पन्न जखमी सैनिकांच्या रुग्णालयास दिले गेले. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३,००० प्रेक्षक होते आणि कित्येक हजारांना दारातूनच परतावे लागले. संघातील लिली पार ही विख्यात खेळाडू तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांची होती.

पुरते वर्षही लोटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ स्त्रियांस अयोग्य आहे, असे त्यात म्हटले होते. धर्मादाय उत्पन्नाचा बराच भाग खर्चात जातो, असाही आक्षेप होता. मात्र खेळूच नका, असा हुकूम त्यात नव्हता. संलग्न क्लबांनी आपली मैदाने स्त्रियांच्या सामन्यांस देऊ नयेत, एवढेच सांगितले होते. तेवढे पुरेसे झाले. संघ खेळत राहिला. १९२२ साली अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशीही खेळून आला. पण मायदेशी मोठी मैदाने गेली आणि त्यांबरोबर ते हजारो प्रेक्षकही गेले. १९६५ साली संघ विसर्जित झाला. बंदी उठली ती त्यानंतर काही वर्षांनी, आणि असोसिएशनने क्षमा मागितली ती २००८ साली. लिली पार १९७८ मध्येच निवर्तली होती.

त्या सभेतील गृहस्थ दुष्ट असतील असे आम्हांस वाटत नाही. आपल्या ताब्यातील किल्ली त्यांनी खणातच ठेवली, इतकेच. आम्ही तरी निराळे काय केले होते? त्यांनी निदान ठराव लिहून ठेवला. आमचा नकार कोठे नोंदलाही गेला नाही.

सुटी संपल्यावर आम्ही त्या चौघींना बोलावले. "आता नको, सर," असे दोघी म्हणाल्या. त्यांची हौस विरली होती की आमच्यावरचा विश्वास, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. उरलेल्या दोघींच्या हाती आम्ही किल्ली दिली.

गेल्या शनिवारी मैदानावर नऊ मुली होत्या. त्या दोघी मात्र त्यांत नव्हत्या.