इंद्रधनुष्य आणि कापलेलं भात

इंद्रधनुष्य दिसायला ऊन पाठीमागं अन् पाऊस समोर लागतो. थेंबात शिरलेलं ऊन वाकतं, आतून परत फिरतं, रंग सुटे होतात. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की सपाट रानातून ते दिसत नाही. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असली तर शोधूच नका.

आमच्या घाटघरला पावसाळ्यात सर नाणेघाटाकडून, पश्चिमेकडून येते. म्हणून सकाळी पश्चिमेला धनुष्य, तर सर येतीय. संध्याकाळी पूर्वेला, तर सर गेली. ऑक्टोबरात मात्र परतीचा पाऊस बऱ्याचदा पूर्वेकडून चढतो. तेव्हा पूर्वेचं धनुष्य बघून निवांत बसू नका. वर्षाचं भात कापून खाचरात पडलेलं असतं. मी आधी भारे गोळा करून ताडपत्री टाकतो, मग नातवंडांना रंग दाखवतो.