तुकडी कोणती?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दिवाळीला नात आली होती. ती विषाणूंच्या जनुकांवर काम करते. तिच्या लॅपटॉपवर ए, सी, जी, टी या अक्षरांच्या ओळीच ओळी! "हा एचआयव्ही, आजी. तो कुठल्या उपप्रकारातला, ते प्रोग्राम सांगतो. ए, बी, सी, डी..."

"म्हणजे तुकड्याच की गं!" मी म्हटलं.

"तसंच समज. आपल्याकडे बहुतेक सी. शुद्ध बी किंवा सी असेल तर रेगा, कॉमेट असे वेगवेगळे प्रोग्राम बहुधा एकच उत्तर देतात. पंचाईत होते मिश्र विषाणूंची. एकाच माणसात दोन उपप्रकार शिरले की त्यांची सरमिसळ होऊ शकते. मग एक प्रोग्राम एक नाव देतो, दुसरा दुसरं."

कारण विचारलं. औषधांना विषाणू दाद देईल का हे बघायला पोल नावाच्या जनुकाचा भाग वाचतात, आणि बरेचदा तेवढ्यावरूनच उपप्रकारही ठरवतात. नऊ हजारांहून जास्त अक्षरांतली साधारण हजारभर. बाकीच्या भागात दुसरंच काही असू शकतं. रोग्याचं औषध सहसा त्यानं बदलत नाही, पण साथ कुठून कुठे गेली याचा हिशेब चुकतो.

"आमच्या यादीत एचनंतर एकदम जे येतो," ती म्हणाली. "आय होता. सायप्रसच्या नमुन्यांवरून ठरवलेला. अख्खा जनुकसंच वाचल्यावर कळलं, तो अनेकांचं मिश्रण आहे. नावच रद्द केलं."

रात्री मला झोप आली नाही.

आठवीच्या तुकड्या मी पाडायचे. जूनमध्ये गणिताचा एक पेपर, त्यावरून अ, ब, क, ड. एक मुलगा ड मध्ये गेला. निबंधाची वही घेऊन तो माझ्याकडे आला होता. "बाई, हे पण बघा ना." मी म्हटलं, नंतर बघू. ती वही मी उघडलीच नाही. नववीनंतर त्यानं शाळा सोडली. पुष्कळ वर्षांनी बाजारात भेटला, पाया पडला आणि हसत म्हणाला, "बाई, मी ड मधला."

त्याचं नाव रद्द करायला कोणी बसलं नव्हतं.

काही प्रोग्राम म्हणे सरळ सांगतात, 'ठरवता येत नाही.' माझ्या लाल पेनाला हे तीन शब्द कधी सुचले नाहीत.

असो. तुम्ही कुठल्या तुकडीत होतात? आणि कुणी ठरवलं होतं?