बारामती ते इंदापूर : काळ्या रानातून

घरच्या कार्यासाठी थंडीच्या सुरुवातीला आम्ही मुलाबाळांसह बारामतीहून इंदापूरच्या एस.टी.त बसलो. भवानीनगरपर्यंत दुतर्फा ऊसच ऊस. मुले म्हणाली, “इकडे पाऊस फार पडत असेल!”

तसे नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सह्याद्री ओलांडताना ढग तिथेच रिते होतात. बारामती-इंदापूरच्या वाट्याला येतो तो सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. मग शेती पिकते कशावर?

पहिले उत्तर मातीत आहे. काळ्या कातळाची झीज होऊन नदीकाठी चिकण माती साचली. ती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. उत्तरा-हस्ताचा परतीचा पाऊस ती पोटात धरते आणि त्या ओलीवर थंडीत ज्वारी उभी राहते. अमेरिकेतील प्रेअरीची मातीही काळी. पण तिला तो रंग गवताच्या मुळ्या कुजून आलेला आहे.

दुसरे उत्तर कालव्यात. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळात नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेतले गेले. पुढे १९२७ साली भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाले. पाणी आले आणि ज्वारीच्या रानात ऊस आला.

कालव्यापासून दूर, कडबनवाडीकडे मात्र वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथे गवतच शोभते. त्यावर मेंढ्या चरतात, चिंकारा हरणे जगतात. अशा माळाला ‘पडीक’ म्हणणे बरोबर नाही.

संध्याकाळी दाजींनी आम्हांला रान दाखवले. एका कोपऱ्यात मिठासारखा पांढरा थर होता. दाजी म्हणाले, “पाणी होतं म्हणून पाजत गेलो. आता इथं काही उगवत नाही.”

जी माती ओल धरते, तिच्यातून जादा पाणी लवकर निचरत नाही. खालचे क्षार वर येतात आणि रान खारवते. चर काढून निचरा करावा, वाफसा पाहून बेताने पाणी द्यावे, ठिबक वापरावे, हिरवळीचे खत गाडावे, हाच उपाय.

वाचकहो, रान नापीक झाले की मालकाचे पीक जाते आणि खुरपणीला येणाऱ्या बाईची मजुरीही जाते. म्हणून ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्यानेही मातीची काळजी करायला हवी.

परतताना वहिनींनी नव्या ज्वारीची नव्हे, गेल्या सालच्या ज्वारीची भाकरी बांधून दिली. नवी अजून शेतात, ओलीच्या भरवशावर उभी होती.